फाटलेली कड आणि घाईचा टाका

खुब्याचा एमआरआय काढा, त्यात कूर्चेची कड फाटलेली दिसली तर ती दुर्बिणीतून शिवून घ्या, उशीर केलात तर पुढे सांधाच बदलावा लागेल. हा सल्ला आता मोठ्या शहरांपुरता उरलेला नाही. घनसावंगी तालुक्यातून जालन्याला किंवा संभाजीनगरला दाखवायला गेलेला तिशी-पस्तिशीतला माणूसही एमआरआयचं पाकीट आणि 'खुब्यात फाटलंय' एवढं वाक्य घेऊन परत येऊ शकतो. मग घरात एकच चर्चा सुरू होते, पैसे कुठून उभे करायचे. जे दुखतंय ते या फाटण्यामुळेच दुखतंय का, आणि शिवल्यावर नेमकं काय साधणार, हे विचारायचं राहूनच जातं. माझा विरोध शस्त्रक्रियेला नाही. ती चांगली शस्त्रक्रिया आहे आणि योग्य माणसाला ती मिळालीच पाहिजे. पण केवळ चित्रावरून ती करायला सांगणारा हा सल्ला चुकीचा आहे, आणि कष्टकऱ्यांच्या तालुक्यात तर तो धोक्याचा आहे.

खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. वाटीच्या काठाला चिवट, तंतुमय कूर्चेची एक कड असते. डॉक्टर तिला लॅब्रम म्हणतात. पाण्याच्या पंपात वायसर जे काम करतं, तेच काम ही कड करते. सांध्यातलं वंगण बाहेर निसटू देत नाही, आतला दाब टिकवते, गोळ्याला वाटीत धरून ठेवते. तिला रक्त मिळतं ते मुख्यतः बाहेरच्या बाजूने; आतली बाजू जवळजवळ कोरडीच. म्हणून एकदा फाटली की ती आपसूक पुरती जुळणं अवघड असतं. इथपर्यंत टाक्याचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. घोटाळा होतो तो पुढे. जुळत नाही म्हणजे दुखणारच, आणि चित्रात दिसतंय म्हणजे दुखण्याचं मूळ तेच, असं ते गृहीत धरतात. या दोन्ही गोष्टींना आधार नाही.

२०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी खुब्याची कसलीही तक्रार नसलेल्या ४५ लोकांचे एमआरआय काढले. त्यांचं सरासरी वय ३८ च्या आसपास होतं. त्यांच्यापैकी ६९ टक्के लोकांच्या चित्रात ही कड फाटलेली निघाली. ही माणसं रोज चालत होती, जिने चढत होती, आणि त्यांना काहीही होत नव्हतं. म्हणजे दुखणाऱ्या माणसाचा एमआरआय काढला आणि त्यात फाट दिसली, तर ती फाट दुखण्याआधीपासून तिथे असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. वय वाढतं तशी कड झिजते, चिरते. चाळिशीच्या माणसाला एवढ्याच कागदावर टेबलावर घेतलं, तर उपचार चित्राचा होतो आणि दुखणं तसंच राहू शकतं.

कड फाटते कशाने, हा प्रश्न तर रिपोर्टमध्ये बहुधा नसतोच. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याचं उत्तर नीट मांडलं. काहींच्या गोळ्याच्या मानेवर हाडाचा उंचवटा असतो, काहींची वाटी पुढून जास्त झाकलेली असते. गुडघा छातीकडे आला आणि मांडी आत वळली की हाड हाडावर आदळतं, आणि मध्ये सापडलेली कड चिरडते. काहींची वाटी मुळातच उथळ असते. तिथे गोळा काठावर भार टाकतो आणि कड ताणून ताणून सुटते. या दोन प्रकारांचे उपचार वेगळे आहेत. उथळ वाटीच्या माणसाची नुसती कड शिवली आणि सांध्याचं आवरण सैल सोडलं, तर सांधा आणखी अस्थिर होऊ शकतो. तिथे अनेकदा वाटीच फिरवून बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया लागते, आणि तीही गान्झ यांनीच १९८० च्या दशकात बसवलेली आहे. उंचवटा तसाच ठेवून वरची कड शिवली तर पुन्हा आदळणार, पुन्हा चिरणार. हा फरक ओळखायला महागडा एमआरआय लागत नाही. कमरेचा समोरून आणि गोळ्याच्या मानेचा तिरका, असे दोन नीट घेतलेले एक्स-रे आणि ते वाचता येणारा डॉक्टर पुरतो. ज्या सल्ल्यात एक्स-रेवरच्या कोनांचा उल्लेखच नाही, तो सल्ला अर्धाच आहे.

गावाकडे तर गोंधळ याच्याही आधी सुरू होतो. जांघेत कळ येते, पाय टाकताना लचकतं, मोटारसायकलवर टांग टाकताना ओढ बसते. 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आलाय', 'सायटिका आहे' अशी नावं त्याला मिळतात आणि कमरेत सुया टोचल्या जातात. खुब्याचं दुखणं बहुतेकदा जांघेत जाणवतं, कधी ते गुडघ्यात उतरतं. माणसाला उताणं झोपवून गुडघा छातीकडे नेला, मांडी आत वळवली आणि नेमकी ओळखीची कळ आली, तर खुबा तपासायला हवा, एवढं कुठल्याही दवाखान्यात दोन मिनिटांत कळतं. ही चाचणी सांध्याकडे बोट दाखवते, आजाराचं नाव सांगत नाही. त्यासाठी आणखी शोध घ्यावा लागतो. सांध्यात भुलीचं इंजेक्शन देऊन दुखणं तेवढ्यापुरतं थांबतं का, हे पाहणं त्यातलं एक साधन आहे. थांबलं नाही, तर दुखण्याचं घर बहुधा दुसरीकडे आहे.

मराठवाड्यातल्या तरुण माणसाच्या खुब्याबद्दल बोलताना आणखी दोन आजार विसरून चालत नाही. एक, सांध्याचा क्षयरोग. दुसरा, गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरणं, ज्याला लोक 'गोळा सुकला' म्हणतात. दारू आणि स्टिरॉइड ही त्याची मोठी कारणं आहेत. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. संजय अगरवाला यांनी कोरोनानंतर असा आजार झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले होते, तिघांनाही कोरोनात स्टिरॉइड मिळालं होतं, आणि आजार साधारण दोन महिन्यांत दिसू लागला होता. अशा माणसाच्या एमआरआयच्या कागदावरही 'कड फाटली आहे' ही ओळ असू शकते. त्याच ओळीवर नजर अडकली तर मरणारा गोळा हातचा जातो. या आजारात लवकर औषध सुरू केलं किंवा योग्य वेळी छोटी शस्त्रक्रिया केली तर गोळा वाचवता येण्याची संधी असते, आणि सुरुवातीचा एक्स-रे साफ असू शकतो म्हणून तिथे एमआरआय गरजेचाच. चित्राची गरज मी नाकारत नाही. चित्रातली कुठली ओळ माणसाच्या दुखण्याशी जुळते, ते ठरवल्याशिवाय सुरी उचलू नये, एवढंच माझं म्हणणं.

घनसावंगीतून गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. तिथल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये उघड झालं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. सोनोग्राफीवर काहीतरी दिसलं, पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली, आणि काढून टाकल्याने मजुरी बुडणार नाही असं सांगितलं गेलं, असं त्यांच्यापैकी अनेकींनी नंतर सांगितलं. खुब्याच्या शस्त्रक्रियेची आणि त्या प्रकरणाची बरोबरी मी करत नाही. खुब्याच्या दुर्बिणीमागे प्रामाणिक संशोधन आहे, कसबी सर्जन आहेत. पण चित्रातली एक खूण, तिच्यामागे उभी केलेली भविष्याची भीती आणि लगेच सही, ही साखळी या भागाने एकदा भोगली आहे. 'शिवलं नाही तर सांधा बदलावा लागेल' हे वाक्य ऐकताना ते आठवलंच पाहिजे. कड शिवल्याने पुढची झीज टळते, हे अजून कुठल्याही दर्जेदार तुलनात्मक चाचणीने सिद्ध केलेलं नाही. दुखणं कमी होतं, काम सुधारतं, याला पुरावा आहे. सांधा वाचतो, याला तसा नाही. जे सिद्ध नाही ते भीती म्हणून वापरणं गैर आहे.

आता पुराव्याकडे वळतो, कारण समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा तिथेच आहे. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मोठी ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली. २३ रुग्णालयांतल्या ३४८ रुग्णांपैकी निम्म्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना आखून दिलेली फिजिओथेरपी, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली होती. वर्षभराने दोन्ही गट सुधारले, आणि शस्त्रक्रियेचा गट १०० पैकी सुमारे ७ गुणांनी पुढे राहिला. पुढच्या वर्षी 'बीएमजे'मध्ये आलेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीतही कौल त्याच दिशेला होता, फरक १० गुणांच्या आसपास. म्हणजे शस्त्रक्रिया सरस ठरली. हे मी दडवत नाही. पण या चाचण्यांत कोण होतं? सांध्यात हाड आदळतंय हे तपासून निश्चित झालेले, झीज फारशी न झालेले लोक होते. नुसत्या रिपोर्टमध्ये फाट दिसली म्हणून कुणाला त्यात घेतलेलं नव्हतं. फिजिओथेरपीही नावापुरती नव्हती. पहिल्या चाचणीत १२ ते २४ आठवड्यांत ६ ते १० भेटी, प्रत्येकाच्या खुब्यानुसार आखलेले व्यायाम, आणि काय टाळायचं याची शिकवण. आपल्याकडे जिला फिजिओ म्हणतात, ती शेकायची मशीन आणि गोळ्या, तिच्याशी या उपचाराचा संबंध नाही. तो उपचार न देताच 'फिजिओने फरक पडला नाही' असं लिहून पुढे पाठवणं म्हणजे पुराव्याचं फक्त नाव घेणं.

दुसरीही एक गोष्ट. या दोन चाचण्यांत कुणावरही खोटी शस्त्रक्रिया केली गेली नाही. गुडघ्याच्या बाबतीत ती झाली, आणि निकालाने सगळ्यांना हादरवलं. २००२ मध्ये ह्यूस्टनला झिजलेल्या गुडघ्यांवर, २०१३ मध्ये फिनलंडमध्ये फाटलेल्या चकतीवर दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया आणि तिचा नुसता देखावा यांची तुलना झाली, आणि दोन्ही वेळा दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. तोपर्यंत जगभर लाखो गुडघे दुर्बिणीखाली गेले होते. खुब्याचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. उंचवटा घासण्यामागची कल्पना जास्त पक्की आहे. २०२१ मधल्या एका चाचणीत उंचवटा घासणं आणि उंचवट्याला हात न लावता सांधा धुणं यांची तुलना झाली. वर्षभरानंतरच्या दुखण्यात फरक सापडला नाही, पण ज्यांचा उंचवटा घासला नव्हता त्यांना पुढच्या काळात पुन्हा शस्त्रक्रिया जास्त लागली. यावरून दिसतं ते एवढंच की हाडाच्या आकाराला हात लावण्याला अर्थ आहे, आणि 'कड शिवली म्हणून दुखणं गेलं' असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा नाही.

शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर तिची रीत काय आहे, हेही रुग्णाला माहीत असायला हवं. पाय खेचून धरणाऱ्या टेबलावर गोळा वाटीपासून सुमारे एक सेंटिमीटर दूर केला जातो. दोन-तीन छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारं आत जातात. पूर्वी फाटलेला भाग कापून टाकत. २००६ मध्ये बर्नच्याच डॉक्टरांनी, खुबा उघडून केलेल्या ६० शस्त्रक्रियांचा पाठपुरावा मांडला. कड कापलेल्यांपैकी २८ टक्के आणि कड पुन्हा हाडाला बसवलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण दोन वर्षांनी उत्कृष्ट अवस्थेत होते. तो चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास नव्हता, तरी त्यानंतर शिवण्याकडे कल वळला. आता वाटीच्या काठात बारीक खिळे ठोकून त्यांच्या दोऱ्याने कड जागेवर आवळतात, जास्तीचं हाड घासतात, शेवटी आवरण शिवून बंद करतात. कड फारच विरली असेल तर मांडीच्या पट्ट्याचा किंवा स्नायूच्या दोरीचा तुकडा लावून नवी कड बांधतात. हे काम शिकायला कठीण आहे. पाय जास्त वेळ खेचला तर जांघेच्या भागाला बधिरता येते, हाड जास्त घासलं तर गोळ्याची मान मोडू शकते, कमी घासलं तर दुखणं परत येतं. सांध्यातली जागा २ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर निकाल वाईट लागतो, हे सर्जनांनीच लिहून ठेवलं आहे. म्हणून वर्षाकाठी चार-दोन खुबे करणाऱ्याच्या हातून ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

यावर उत्तर येतं की मग गरिबाला जुनंच औषध द्यायचं का, खेळाडूंना मिळतं ते ऊसतोड्याला का नको? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर हंगामाच्या हिशोबात आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलला परततात. उचल आधीच घेतलेली असते आणि ती नवरा-बायकोच्या जोडीवर असते. कोयता चालतो तो कंबरेत आणि खुब्यात वाकून, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढावं लागतं, आणि फडावर राहताना उकिडवं बसण्यावाचून इलाज नसतो. नेमक्या याच हालचालीत हाड हाडावर आदळतं. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कुबड्या आणि काही महिने व्यायाम लागतो. जड कामावर परतायला सहा महिने सहज जातात. खेळाडूमागे संघ असतो, फिजिओ असतो, विमा असतो. तोडणी मजुरामागे मुकादमाचं कर्ज असतं. तो तिसऱ्या आठवड्यात कुबड्या टाकून फडात उतरला, तर दोरे सुटतात आणि खर्च वाया जातो. त्याला खेळाडूसारखी शस्त्रक्रिया द्यायची तर खेळाडूसारखं पुनर्वसनही द्यावं लागेल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची रचना रुग्णालयात दाखल करून केलेल्या उपचारांच्या पॅकेजवर आहे. महिनोन्महिने बाह्यरुग्ण म्हणून करायच्या व्यायामाला तीत जागा नाही. टाक्याला पैसे आणि टाका टिकवणाऱ्या उपचाराला शून्य, ही समता नव्हे.

व्यायाम हा शब्दही सैल वापरला जातो. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, आणि दुखऱ्या तरुणाला 'रोज सूर्यनमस्कार घाल' सांगणारी वडील माणसं इथे घरोघर आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो. पण नमस्कारात पाय पुढे आणताना गुडघा छातीला भिडतो, आणि आदळणाऱ्या खुब्याला तीच हालचाल सर्वांत वाईट. त्याला हवी असते नितंबाच्या आणि पोटाच्या स्नायूंची ताकद, खोल वाकणं काही काळ बंद, उंच बसणं, शौचासाठी खुर्ची. कापूस वेचणाऱ्या बाईने कुठल्या बाजूला वळावं आणि ओझं कसं उचलावं, हे तिच्या कामाकडे पाहूनच शिकवावं लागतं. तीन महिने हे नीट केलं तर बऱ्याच जणांना सुरीची गरज उरत नाही. ज्यांना उरते ते सुरीपर्यंत बळकट होऊन पोचतात, आणि तो वेळ वाया जात नाही. फाटलेली कड ही तातडीची गोष्ट नाही.

म्हणून मागणी दुर्बिणीची नको. घनसावंगीच्या ग्रामीण रुग्णालयात आणि मराठवाड्यातल्या अशा प्रत्येक रुग्णालयात पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट हवा, खुब्याचे ते दोन एक्स-रे नीट घेतले जावेत, आणि ते वाचून घेण्यासाठी जालन्याच्या किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाशी ठरलेला दुवा हवा. कोरोनाच्या काळात राज्याचं आरोग्य खातं सांभाळणारे मंत्री याच मतदारसंघाचे आमदार होते. पक्ष कुठलाही असो, या तालुक्याच्या लोकप्रतिनिधीला ही मागणी समजावून सांगावी लागू नये. जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेनंतरच्या आणि शस्त्रक्रियेऐवजीच्या फिजिओथेरपीला पैसे मिळाले पाहिजेत.

आणि ज्यांच्या घरात असं पाकीट आलं आहे त्यांना विनंती. सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: गोळा सुकलेला नाही ना, क्षय नाही ना, माझ्या हाडाचा आकार कसा आहे आणि वाटी उथळ तर नाही, सांध्यात जागा किती उरली आहे, तीन महिने नीट व्यायाम आधी का नको, तुम्ही कड कापणार की शिवणार, आणि वर्षाला असे किती खुबे करता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच आठवड्यात मिळवा. बाकीची मिळेपर्यंत उचल घेऊन ऑपरेशन करू नका.